पंधरा पावलं

यंत्र चुकत होतं, आणि दर वेळी तेवढंच चुकत होतं. अकरा मीटर एकवीस सेंटिमीटर. सकाळी लावा, दुपारी लावा, लख्ख उन्हात लावा की ढगात, शेवटी आकडा तोच. जेवताना दाताखाली खडा यावा आणि घास बदलला तरी तोच खडा पुन्हा यावा, तसं जोतीरामचं झालं होतं.

जोतीराम बेलापूरच्या एका लहानशा मोजणी कंपनीत होता. बंदराकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याची हद्द आखायचं काम कंपनीला मिळालं होतं, आणि त्यासाठी बंगळूरहून दोन जीपीएस यंत्रं भाड्यानं आली होती. तिपाई, तिच्यावर ताटलीसारखा अँटेना, खाली यंत्राची पेटी आणि बॅटरी. आकाशातल्या उपग्रहांचं बोलणं ते तासन्‌तास ऐकत बसायचं आणि मग संगणकावर सांगायचं, तुम्ही नेमके इथे उभे आहात.

पण असं सांगायलाही कुठून तरी सुरुवात लागते. जुन्या मोजणीचे तीन दगड त्या भागात होते. त्यांतला एक खडीच्या खाणीनं गिळला. उरले दोन. एक जासईच्या शिवारात, चौथऱ्यावर, शेंदूर फासलेला. दुसरा पलीकडच्या टेकडीवर, कातळात कोरलेली खूण. एक यंत्र या दगडावर, दुसरं त्या दगडावर लावलं की दोहोंमधलं अंतर निघायचं. कागदावरचं अंतर वेगळं, यंत्राचं वेगळं. यंत्राचं ऐकलं, तर जासईचा दगड असायला हवा त्यापेक्षा अकरा मीटर उत्तरेला, खाडीच्या बाजूला होता.

दिवाळीच्या आधीच रस्त्याच्या इकडच्या खुंट्या जासईच्या दगडावरून मारून झाल्या होत्या. उरणकडच्या माणसांनी त्यांच्या खुंट्या टेकडीवरच्या खुणेवरून मारल्या होत्या. मधल्या मोरीपाशी दोन्ही रांगा भेटायच्या होत्या. त्या भेटल्या नाहीत. ऑफिसातून निरोप आला: यंत्र बिघडलंय, काय ते शोधा, तोवर खुंट्या पक्क्या धरू नका.

ही गोष्ट कोणाला लागली असेल तर बायजाबाईला. रस्त्याची दक्षिणेकडची खुंटी तिच्या ओट्याच्या सहा मीटर पुढे उभी होती. लाल रंगाचं डोकं असलेली ती लाकडी खुंटी बायजाबाई रोज सकाळी झाडून घ्यायची, आजूबाजूचं गवत काढायची. तिचं घर गावठाणाच्या बाहेर होतं. मिठागरावर काम करणाऱ्या लोकांनी तीस वर्षांपूर्वी खाडीकाठच्या खाजणाच्या कडेला बांधलेल्या घरांपैकी ते शेवटचं. खाणीतली डबरं तिनं डोक्यावरून आणली होती, तिच्या नवऱ्यानं, सितारामनं रचली होती. कागद म्हणाल तर एकही नव्हता. खुंटीच्या अलीकडे असेल ते घर राहणार. पलीकडे गेलं, तर बिनकागदाच्या घराला जागा नाही, बदली घर नाही, काही नाही. सिताराम जाऊन तीन वर्षं झाली होती. आता ती, एक खाट, भिंतीवरचा त्याचा फोटो आणि ती सहा मीटरची मोकळी माती.

म्हणून ती रोज विचारायची, "बरा झाला का रं तुमचा यंत्र?"

यंत्र बरं झालं की खुंटी पक्की होणार, एवढं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

जोतीरामच्या हाताखाली धर्मराज होता. हाताखाली म्हणायचं ते कागदावर. वयानं तो जोतीरामच्या बापाएवढा, सरकारी मोजणीत तीस वर्षं खलाशी म्हणून जमीन मोजायच्या साखळ्या ओढलेला, मूळचा माणदेशातला. यंत्राला तो जावई म्हणायचा. जावयाला छत्री धरा, जावयाला ऊन लागतंय, जावयाची बॅटरी बदला, आणि जावई तोंड उघडणार चार तासांनी. आमच्या साखळीला कुणी छत्री धरली नव्हती, असं तो बोलून दाखवायचा आणि छत्री मात्र नीट धरायचा.

दोघांनी बिघाड पद्धतशीर शोधला. आधी यंत्रांची अदलाबदल केली. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. अकरा मीटर. मग अँटेना बदलले. मग केबल. मिठागराच्या वाऱ्यानं केबलच्या तोंडाशी हिरवट बुरशी धरली होती. जोतीरामनं ती खोडरबरानं घासली, स्पिरिटनं पुसली, मनात म्हणाला, सापडलं. अकरा मीटर. पलीकडच्या यार्डात कंटेनर एकावर एक चार-चार रचलेले होते. उपग्रहाचा आवाज त्या पत्र्यावर आपटून उशिरा आला तर यंत्र फसतं. रविवारी तिथले बरेच कंटेनर हलले, मोकळं आकाश मिळालं, तेव्हा पुन्हा मोजलं. तेवढंच.

मग त्यानं तारीख पाहिली. ऑगस्टमध्ये उपग्रहांची आठवडे मोजायची गणती भरली होती. एक हजार चोवीस आठवडे झाले की ती पुन्हा शून्यावर येते, आणि ज्या यंत्राला हे शिकवलेलं नसतं ते गोंधळतं. दोन यंत्रांपैकी एक पडद्यावर एप्रिल १९८० दाखवत होतं.

"ऐंशीच्या मे म्हैन्यात माझं लगीन झालं," धर्मराज म्हणाला. "अजून म्हैना हाय म्हणा की. जावयाला इचारा, आडवता येतंय का."

बंगळूरहून कुरियरनं फ्लॉपी आली. ती चढवल्यावर यंत्र नव्व्याण्णवच्या डिसेंबरात आलं. अकरा मीटर एकवीस सेंटिमीटर मात्र जागचे हलले नाहीत.

जोतीरामला खरी भीती तेव्हा वाटली. बिघडलेलं यंत्र आज एक सांगतं, उद्या दुसरं. त्याच्या बोलण्याला थारा नसतो. हे यंत्र पंधरा दिवस एकच वाक्य सांगत होतं. पण ऑफिसात जयप्रकाश साहेब म्हणत होते की खाणीच्या सुरुंगांनी टेकडीचा कातळ सरकला असणार. आणि चौथऱ्यावरचा दगड तर केवढा घट्ट, केवढा जुना, गावाचा देव. शंका घ्यायची तरी कशी.

त्या दगडाला गावात खांबदेव म्हणत. कोण्या गोऱ्या साहेबानं मोजणीसाठी पुरलेला दगड, हे आता कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. माथ्यावर फुली आणि फुलीच्या मध्यावर टिंब, एवढी त्याची खूण. ती शेंदराखाली गेली होती. त्यावर अँटेना नेमका ओळंब्यात धरायचा तर टिंब दिसायला हवं. पहिल्या दिवशी गावातल्या दोघा-तिघांनी हरकत घेतली, तेव्हा बायजाबाईनंच मध्ये पडून रुपयाएवढा शेंदूर स्वतःच्या नखानं खरवडून दिला होता. देवाची चाकरी तिच्याकडे होती. सितारामनंतर तिच्याकडेच आली होती.

यंत्र बरं होईना म्हणून तिनं एके दिवशी मिठागरातलं मूठभर जाडं मीठ आणि सात मिरच्या आणल्या, तिपाईभोवती तीनदा उतरवल्या आणि लांब नेऊन जाळल्या. मिरच्यांचा खकाणा उठला नाही. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, भारी नजर हाय. मग त्या दोघांना घरात नेऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. ते जेवत असताना ती दारात बसून खुंटीकडे बघत राहिली. या वर्षी पाऊस संपल्यावर तिनं ओटा नव्यानं सारवला होता. खुंटी पुढे पडल्यावर मगच सारवला, असं तिनं सांगितलं. त्याआधी मन होईना.

देवदिवाळीच्या आदल्या दिवशी खांबदेवाची पूजा असते. त्या दिवशी तिपाई बाजूला ठेवावी लागली. आठ-दहा बाया आल्या, बायजाबाईची जाऊ गोजरा पाण्याची घागर घेऊन आली. दगडाला आंघोळ झाली, नवा शेंदूर लागला. बायजाबाई धवलारीण, गावातल्या कितीतरी लग्नांत तिच्या गाण्याशिवाय हळद लागली नव्हती. ती गायला बसली आणि बाकीच्यांनी मागून सूर ओढून धरला. जोतीराम आणि धर्मराज थोडे लांब सावलीत बसले होते. उघड्या रानात म्हाताऱ्या गळ्यातला तो सूर वाऱ्यानं मोडत, जुळत येत होता:

विहिरीच्या गो काठी
देव कलला चिखलात,
खारा पानी चढला गो
त्याच्या कमरंच्या आत.

नको दोर, नको पार
नको देवाला गो फास,
सितारामाच्या खांद्यावं
देव, पोटात उपास.

पंधरा पावलं गो
देव खाडीकं चालला,
सोलाव्याला दम गेला
देव तिथंच बैसला.

ज्याचं आयुष्य आकडे लिहिण्यात जातं, त्याच्या कानाला आकडा आधी लागतो. जोतीरामनं मान वर केली. शेजारी धर्मराजनं तंबाखू मळता मळता बोट थांबवलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पूजा उरकल्यावर प्रसादाचे द्रोण हातात आले, तेव्हा जोतीरामनं विचारलं. विचारताना आपला आवाज साधा राहावा म्हणून त्याला कष्ट पडले. बायजाबाईला तर कोणीतरी विचारायचीच वाट होती. तिनं सगळं सांगितलं. दहा वर्षांमागं एका उधाणाला बांध फुटला, खाडीचं पाणी शेतात शिरलं. देव तेव्हा विहिरीच्या काठाला होता. चिखलात कलला. गडी म्हणाले दोर बांधून ओढू, पहारीनं उचकटू. सिताराम म्हणाला, देवाच्या गळ्यात दोर घालायचा नाही. तो दिवसभर उपाशी राहिला, विहिरीवर आंघोळ केली, चौघांनी चिखल मोकळा करून दिला आणि त्यानं एकट्यानं देव खांद्यावर घेतला. खाडीच्या अंगाला उंचवटा होता, त्या कोरड्या जागेकडे निघाला. बाया पावलं मोजत होत्या. पंधरा झाली आणि सोळाव्याला दम सुटला. जिथे दम सुटला तिथे चौथरा बांधला.

"खांदा द्यायला गावातला एक गरी पुरं आला नाय," ती म्हणाली. "ह्यांचा खांदा मंग जलमभर वाकरा ऱ्हायला. पन देव कोरडा झाला."

हे सांगताना ती साठीची बाई नवरीसारखी दिसत होती. गोजरेनंही मान डोलावली. जोतीरामच्या हातातल्या द्रोणातली साखर-खोबऱ्याची चिमूट तशीच राहिली. पंधरा पावलं. अंगावर ओझं असलेल्या माणसाचं पाऊल पाऊण मीटरच्या आसपास पडतं. याचा गुणाकार करायला त्याला कागद लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजनं न सांगता कुदळ आणि घमेलं आणलं होतं. जुने साहेब लोक बेरकी, तो म्हणाला. वरचा दगड कुणी हलवील म्हणून बरोब्बर त्याच्या खाली आणखी एक लादी पुरायचे, तिच्यावर तीच फुली, तेच टिंब. वर देव झाला तरी खालची खूण तिथंच असणार. विहिरीच्या काठापासून चार हात सोडून त्यांनी खणायला घेतलं. चिखल वाळून दगड झाला होता. दोन खड्डे फुकट गेले. तिसऱ्यात, छातीएवढं खोल गेल्यावर, कुदळ खणकन वाजली. धर्मराजनं हातानं माती पुसली. फुली दिसली. टिंबात पाणी साचलं होतं, इवलंसं.

तिपाई त्या खड्ड्यावर उभी केली, ओळंबा टिंबावर सोडला. दुसरं यंत्र टेकडीवर लावून एक माणूस बसवला होताच. चार तास गेले. संध्याकाळी ऑफिसच्या संगणकावर आकडा आला: कागदाशी फरक, दोन सेंटिमीटर.

यंत्र पहिल्या दिवसापासून बरं होतं.

म्हणजे सगळ्या खुंट्या अकरा मीटर दक्षिणेला जाणार. सहा मीटरची ती मोकळी माती जाणार, आणि घरात पाच मीटर रस्ता शिरणार. बायजाबाईचं घर सगळं मिळून साडेपाच मीटर खोल होतं.

ऑफिसात जाण्याआधी खड्ड्याच्या काठावर धर्मराजनं विचारलं होतं, "माती लोटू का आत? आपण दोघंच हावोत."

जोतीरामनं खड्ड्यात पाहिलं. माती लोटली तर काय होईल ते त्याला दिसत होतं. टेकडीचा कातळ सुरुंगानं हलला असं ठरेल. इथला देव खरा धरतील. मग उरणकडच्या खुंट्या सरकतील, आणि तिकडेही कोणाची तरी चूल असेल. त्यानं ती पाहिली नव्हती, तिथं तो जेवला नव्हता, एवढंच. त्यानं नाही म्हणून मान हलवली. धर्मराजनं कुदळ खांद्यावर टाकली आणि त्या दिवसानंतर त्यानं यंत्राला जावई म्हटलं नाही.

जयप्रकाश साहेबांनी पाठ थोपटली. पंधरा दिवसांचं टेन्शन गेलं होतं. जोतीरामनं तेव्हाच धीर करून विचारलं की मोरीच्या अलीकडे रस्ता थोडा वळवता येईल का, एकच घर आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नकाशा पसरला, खरंच बघितला, पेन्सिल फिरवली. वळवला तर दुसऱ्या बाजूला विजेचा टॉवर येत होता. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली.

"जोतीराम, रेघ वरून आलीय," ते म्हणाले. "आपण मोजणारे. उद्या खुंट्या बदलून टाक, शुक्रवारी यंत्रं परत जायचीत."

जुईनगरच्या आपल्या खोलीत त्या रात्री बायकोनं वाढलेलं जेवण त्यानं अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो ओट्यावर जाऊन बसला. बायजाबाई तांदूळ निवडत होती. त्याचं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं. त्यानं सरळ सांगितलं. देव जिथे होता तिथली खालची खूण सापडली. आपण चुकीच्या जागेवरून मोजत होतो. खुंटी मागे येणार. किती मागे, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. मध्येच तिनं मान फिरवून चौथऱ्याकडे बघितलं, मग विहिरीकडे, आणि ओठ हलवत काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"म्हंजे मीच दाखवला," ती म्हणाली.

जोतीराम म्हणाला की नाही, यंत्र आधीपासून तेच सांगत होतं, आज ना उद्या कळलंच असतं. हे खरं होतं. खोटं सांगतोय असाच आवाज मात्र आला.

"मी गायली नसती तर?"

शेजारच्या अंगणातून गोजरा ऐकत उभी होती. तिचं घर मागच्या बाजूला होतं, त्याला धक्का नव्हता. तरी ती तोंडाला पदर लावून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

बाहेरच्या खुंट्या दुपारपर्यंत बदलून झाल्या. राहिली होती ती एकच, घरातली. तिथे यंत्राचा उपयोग नव्हता. डोक्यावर कौलं आली की त्याला उपग्रह ऐकू येत नाहीत. छपराखालच्या माणसाचा पत्ता त्याला लागत नाही. बाहेर दोन खुणा करून त्यांवरून टेपनं आत मोजायचं होतं. त्याला दोन माणसं लागतात, एक बाहेर टेप वाचायला, एक आत टोक धरायला.

धर्मराज उंबऱ्यापाशी आला. आतली चूल, चुलीजवळचं पाणी भरलेलं मडकं, भिंतीवरचा फोटो त्यानं पाहिला. मग त्यानं हातोडा आणि खुंटी उंबऱ्यावर ठेवली.

"ह्या घरात मी भाकरी खाल्लीय," तो म्हणाला, आणि लांब जाऊन विहिरीकडे तोंड करून बसला. तीस वर्षांत कुठल्याही साहेबाला तो नाही म्हणाला नव्हता.

जोतीराम टेप हातात घेऊन ओट्यावर उभा राहिला. टेपचं टोक त्यानं दगडाखाली अडकवून पाहिलं, ते सुटलं. पुन्हा अडकवलं, पुन्हा सुटलं.

बायजाबाई उठली. आत जाऊन तिनं मडकं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, चुलीतली राख भरून काढली, मागच्या भिंतीजवळची जमीन केरसुणीनं झाडली. मग बाहेर येऊन त्याच्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि ते ओढत घरातून मागच्या भिंतीकडे गेली. तिथे ती उकिडवी बसली. दारातून आत येणारा उजेड तिच्या पावलांपर्यंत पोचत नव्हता.

"हितं?" तिनं विचारलं.

त्यानं आकडा वाचला. "थोडं डावीकडं, मावशी. एक वीत."

ती सरकली.

"आथां?"

टेप ताणली गेली होती. सेंटिमीटरच्या रेघा डोळ्यांसमोर एकात एक मिसळत होत्या. त्यानं डोळे पुसले, पुन्हा वाचलं, आणि बरोबर आहे असं सांगितलं.

"नीट बघ, बाला," ती आतून म्हणाली. टोक तिनं दोन्ही हातांनी जमिनीशी दाबून धरलं होतं. "परत यायला लागंल असा नको करू."